दगडावर कोरलेले कारण



इंग्लंडच्या ईशान्येला, पूर्वी नॉर्थंबरलंड परगण्यात मोडणारे, अर्सडन नावाचे गाव आहे. तिथल्या चर्चच्या आवारात एक दगडी स्तंभ उभा आहे आणि त्याच्यावर 204 नावे कोरलेली आहेत. नावापुढे वय आहे. त्यातली काही वये वाचताना थबकायला होते, कारण ती शाळकरी मुलांची आहेत. 16 जानेवारी 1862 रोजी इंजिनाची तुळई तुटून झालेल्या भीषण दुर्घटनेत हार्टली खाणीतले हे 204 कामगार प्राणास मुकले, अशा अर्थाचा लेख स्तंभावर आहे. त्याच्या जोडीला मॅथ्यूच्या शुभवर्तमानातले, प्रभू कोणत्या घटकेला येईल हे ठाऊक नसल्याने सदैव तयार राहा, असे बजावणारे वचन आहे. लेखातले विधान खोटे नाही. तुळई तुटली हे खरेच. पण त्या दिवसाचा हिशेब मांडायला बसले, तर तुळई कोसळल्याने जागीच गेलेली माणसे पाच भरतात. उरलेली 199 माणसे कशाने मेली, हे दगड सांगत नाही. या फरकाबद्दल मला आज बोलायचे आहे. मेलेल्यांची नावे जपणे हे स्मारकाचे पहिले काम, यात वाद नाही. पण ती माणसे का मेली याचे कोणते उत्तर स्मारक पुढच्या पिढ्यांच्या हाती देते, यावर त्याची खरी किंमत ठरते. आणि या कसोटीला व्हिक्टोरियन इंग्लंडची बहुतेक खाण-स्मारके उतरत नाहीत, असे माझे म्हणणे आहे.

आधी घटना नीट समजून घेऊ, कारण सगळा युक्तिवाद तिच्या तपशिलावर उभा आहे. न्यू हार्टली गावच्या या खाणीला जमिनीत उतरण्याची एकच उभी विहीर होती. खाणीच्या भाषेत शाफ्ट. तिचा व्यास सुमारे बारा फूट आणि खोली सहाशे फुटांच्या आसपास. या एका विहिरीत वरपासून खालपर्यंत लाकडी फळ्यांची पडदी घालून तिचे दोन भाग केले होते. पडदीच्या एका बाजूने ताजी हवा खाली जायची, दुसऱ्या बाजूने दूषित हवा वर यायची. हवेला ओढ बसावी म्हणून खाणीत एक भट्टी सतत पेटती ठेवत. कामगारांचा पिंजरा याच विहिरीतून वर-खाली होई, कोळसा याच विहिरीतून वर येई आणि पंपाचे नळही हिच्यातच होते. समुद्र जवळ असल्याने या खाणीत पाणी फार. ते उपसण्यासाठी विहिरीच्या तोंडाशी एक प्रचंड वाफेचे इंजिन बसवले होते. त्याची ओतीव बिडाची तुळई चाळीस टनांहून जड होती आणि तिचे एक टोक थेट विहिरीवर झुलत असे. आपल्या शरीरात श्वासाची आणि अन्नाची वाट घशापाशी काही अंतर एक होते आणि तेवढ्या अंतरातच घास अडकून माणूस गुदमरतो. हार्टलीत ते अंतर सहाशे फुटांचे होते.

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास पाळी बदलत होती. नवी पाळी खाली पोचली होती, जुन्या पाळीतले थोडेच लोक वर आले होते. म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसे एकाच वेळी जमिनीखाली. आठ जणांना घेऊन पिंजरा वर येत असताना तुळई मधोमध मोडली आणि तिचा वीसेक टनांचा अर्धा भाग विहिरीत कोसळला. जाताना त्याने पडदीच्या फळ्या, आधाराची लाकडे आणि विहिरीच्या भिंतीचे दगड सोबत नेले आणि चारशे फुटांच्या आसपास हा सगळा ढिगारा घट्ट अडकून बसला. पिंजऱ्यातले पाच जण गेले, तिघांना वाचवता आले. खाली असलेल्या 199 जणांपैकी त्या क्षणी कोणीही मेले नव्हते. पाणी चढेल या धास्तीने ते खालच्या थरातून वरच्या थरात आले आणि विहिरीच्या बाजूला थांबले. वर विल्यम कोल्सन हा नाणावलेला शाफ्ट-खोदाई कारागीर आणि त्याची माणसे दोराच्या फासात स्वतःला अडकवून, लोंबकळत ढिगारा काढत होती. खालचे लाकूड ओढले की वरचे सरकायचे, भिंत आणखी ढासळायची. सहा दिवस हे चालले. बुधवारी, 22 जानेवारीला, वाट मोकळी झाली तेव्हा आत सगळे मृत होते. भट्टी पेटती होती आणि हवेचा मार्ग बंद झाला होता. कार्बन मोनॉक्साइडने त्यांना मारले होते. मुलगे बापाला बिलगून पडले होते, असे वर्णन त्या वेळच्या वृत्तान्तांत आहे.

आता मृत्यूंची चौकशी पाहा. कॉरोनरपुढे बसलेल्या ज्यूरीने निकाल अपघाती मृत्यूचाच दिला. पण तेवढ्यावर न थांबता दोन गोष्टी आग्रहाने नोंदवल्या. चालू असलेल्या प्रत्येक कोळसा खाणीला निदान दुसरी विहीर किंवा बाहेर पडायची दुसरी वाट असलीच पाहिजे, ही पहिली. खाणीच्या इंजिनाची तुळई यापुढे बिडाऐवजी घडीव लोखंडाची असावी, ही दुसरी. क्रम लक्षात घ्या. विहीर आधी, तुळई नंतर. हे बारा-तेरा जण काही क्रांतिकारक नव्हते. त्या परिसरातली ती प्रतिष्ठित माणसे होती आणि कोणावर ठपका ठेवायला ती नाखूश होती, हे निकालावरून दिसतेच. तरीही पुरावा ऐकल्यावर त्यांना जे दिसले ते साधे होते. तुळई तुटणे हे निमित्त होते, दुसरी वाट नसणे हे कारण होते. तीच तुळई, त्याच सकाळी, त्याच पाळीवर, दोन विहिरींच्या खाणीत कोसळली असती तर मृतांचा आकडा पाचाच्या पुढे गेला नसता. ज्यूरीने केलेला हा भेद स्तंभापर्यंत पोचता पोचता गळाला. दगडावर निमित्त तेवढे कोरले गेले.

हा एखाद्या पाथरवटाचा किंवा चर्चच्या धर्मगुरूचा निष्काळजीपणा असता तर त्यावर तासभर बोलण्याचे कारण नव्हते. पण ही त्या काळाची रीतच होती. हार्टलीच्या चोवीस वर्षे आधी, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या दुसऱ्याच वर्षी, यॉर्कशरमधल्या सिल्कस्टोन गावाजवळच्या हस्कर खाणीत 26 मुले बुडून मेली. 4 जुलै 1838 चा दिवस. वादळी पावसाने इंजिन बंद पडले, मुले तिरप्या बोगद्याने बाहेर पडू पाहत होती आणि फुगलेल्या ओढ्याचे पाणी त्याच बोगद्यातून आत शिरले. 11 मुली, 15 मुलगे. सर्वांत लहान मूल सात वर्षांचे. त्यांच्या थडग्यावर जे स्मारक उभारले गेले ते वाचण्यासारखे आहे. परमेश्वराने मेघगर्जना, वीज, गारा आणि पाऊस धाडला आणि ही 26 जणे आपल्या निर्मात्यापुढे अचानक बोलावली गेली, असा त्याचा आशय आहे. खाणमालकाचे नाव त्यात आहे, सन्मानदर्शक उपाधीसकट, पण ते केवळ खाण कोणाची हे सांगण्यापुरते. वाचणाऱ्याने देवाची हाक दुर्लक्षू नये, अशी ताकीदही आहे. सात वर्षांचे पोर त्या काळोखात काय करत होते, हा प्रश्न मात्र त्या दगडाला पडत नाही. तो पडला बालमजुरीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाला, आणि त्या आयोगाच्या अहवालातून 1842 चा कायदा आला. त्याने सगळ्या स्त्रियांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली कामाला लावायची बंदी केली. म्हणजे सिल्कस्टोनलाही दोन स्मरणे निर्माण झाली. एक दगडातले, जे पावसाला जबाबदार धरते. दुसरे कायद्याच्या पुस्तकातले, जे कामाच्या पद्धतीला.

हार्टलीच्या बाबतीत शोकाचा गाजावाजा कितीतरी मोठा झाला, कारण तोवर तार आणि सचित्र साप्ताहिके आली होती. राणीचा पती प्रिन्स अल्बर्ट याला जाऊन जेमतेम महिना झाला होता. विधवा राणीने खाणीवरच्या विधवांसाठी सांत्वनाचा संदेश धाडला, 200 पौंडांची देणगी दिली, आणि राणीचे दुःख व खाणकामगाराच्या बायकोचे दुःख एकच असल्याची भाषा वर्तमानपत्रांत सुरू झाली. मदतनिधी 80 हजार पौंडांच्या वर गेला. कोल्सनला सोन्याचे आणि त्याच्या सहकाऱ्यांना रुप्याचे पदक मिळाले, आणि ते त्यांनी कमावलेच होते. जोसेफ स्किप्सी हा स्वतः लहानपणापासून खाणीत राबलेला कवी. पुढे काही काळ तो शेक्सपिअरच्या जन्मघराचा रखवालदारही होता. त्याची हार्टलीवरची कविता त्या भागात आजही माहीत आहे. या सगळ्यातून जे चित्र तयार झाले ते असे: धीराने, प्रार्थना करत, एकमेकांच्या कुशीत मरण स्वीकारणारी देवभोळी माणसे. या चित्राला एक मोठी सोय होती. जो धीराने मरतो तो काही मागत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ही धार्मिकता बाहेरून लादलेली होती का? मुळीच नाही. ईशान्येच्या कोळसापट्ट्यात मेथडिस्ट पंथ खोलवर रुजलेला होता. कामगारच प्रवचने देत, कामगारच प्रार्थनासभा चालवत. खाणीतही ती भरली, याचा लेखी पुरावा आहे. जेम्स एमॉस या ओव्हरमनच्या, म्हणजे जमिनीखालच्या मुकादमाच्या, मृतदेहावर एक टाचणवही सापडली. शुक्रवारी दुपारी पावणेदोनला प्रार्थनासभा झाली आणि अडीच वाजता अमुक अमुक माणसे अत्यवस्थ झाली, अशी नोंद तिच्यात आहे, नावांसकट. मग त्यांच्या स्तंभावर बायबलचे वचन कोरले तर त्यात गैर ते काय? आज दीडशे वर्षांनी, दुसऱ्या देशात बसून, त्यांच्या दुःखाची भाषा चुकली असे सांगायचा अधिकार कोणाला?

त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कारच आहे. पण एमॉसची ती नोंद पुन्हा एकदा वाचा. ती लिहिणारा माणूस कामावरचा मुकादम आहे. कोण कुठे आहे, कोणाला काय झाले, किती वाजता झाले, हे रोज टिपून ठेवणे हीच त्याची नोकरी. शेवटच्या दिवशीही त्याने तेच केले. वार, वेळ, नावे. म्हणून ती नोंद भक्तीची आहे तितकीच साक्षीचीही आहे, आणि साक्ष म्हणून ती जबरदस्त आहे. गुरुवारी सकाळी साडेदहाला तुळई कोसळली. शुक्रवारी दुपारी अडीचला एमॉस लिहीत होता. म्हणजे अठ्ठावीस तास ही माणसे चालत-बोलत होती, एकत्र जमत होती, घड्याळ पाहत होती. या अठ्ठावीस तासांत त्यांना फक्त दुसऱ्या विहिरीपर्यंत चालत जायचे होते, जी नव्हती. एका विहिरीच्या खाणीविरुद्ध यापेक्षा भक्कम पुरावा कोणत्याही चौकशी आयोगाला मिळाला नसता, आणि तो खुद्द मरणाऱ्याने लिहून ठेवला. त्यातली प्रार्थना उचलून घेतली आणि वेळ सोडून दिली, ही तक्रार आहे. ती एमॉसविरुद्ध नाही, त्याचे वाचन करणाऱ्यांविरुद्ध आहे.

दुसरा आक्षेप कायदेपंडिताचा. 1862 च्या जानेवारीत एक विहीर असणे हा गुन्हा नव्हता. नॉर्थंबरलंड आणि डरहॅममध्ये अशा खाणी सर्रास होत्या. खोल विहीर खोदणे म्हणजे पाणी, वाळू आणि ठिसूळ थर यांच्याशी कित्येक महिने झुंजणे, आणि तो खर्च कोळशाचा एक ढेला विकण्याआधीचा. मग एका मालकाला आज मागाहून सुचलेल्या शहाणपणाने का जोखायचे? यातला अर्धा भाग मला मान्य आहे. म्हणूनच हार्टलीच्या मालकांवर खटला भरावा असा सूर मी लावत नाही. पण शहाणपण मागाहून सुचले, हा उरलेला अर्धा भाग टिकत नाही. साउथ शील्ड्स गावच्या सेंट हिल्डा खाणीत 1839 मध्ये स्फोट झाल्यावर तिथल्या नागरिकांनी एक समिती नेमली होती. तिचा अहवाल 1843 चा. एवढ्या अफाट पसरलेल्या खाणींना विहिरी फार थोड्या आहेत, हे तिने स्पष्ट सांगितले होते. हार्टलीच्या एकोणीस वर्षे आधी, हार्टलीपासून दिवसभरात चालत गाठता येईल इतक्या अंतरावर. माहिती नव्हती असे नाही. ती अमलात आणायला पैसे लागत होते आणि ते खर्च करायला कोणी भाग पाडत नव्हते. सगळेच तसे करत होते, हे उत्तर एका मालकाला दोषमुक्त करते खरे, पण त्याच दमात ते सगळ्या धंद्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते.

आणि भाग पाडल्यावर काय झाले? 7 ऑगस्ट 1862 रोजी, दुर्घटनेला सात महिने पुरे व्हायच्या आत, नव्या कायद्याला संमती मिळाली. प्रत्येक कोळसा खाणीला किमान दोन विहिरी किंवा बाहेर पडायच्या दोन वाटा असल्या पाहिजेत आणि त्यांच्यामध्ये निदान दहा फूट नैसर्गिक खडक असला पाहिजे. म्हणजे लाकडी पडदी घालून एकाच्या दोन केल्याचा देखावा चालणार नाही. नव्या खाणींना हे लगेच लागू, जुन्यांना 1 जानेवारी 1865 पर्यंत मुदत. ज्या संसदेत खाणमालकांचे मित्र आणि नातेवाईक भरलेले होते तिने हे सात महिन्यांत केले. वीस वर्षे जे परवडत नव्हते ते अडीच-तीन वर्षांत परवडले. त्या दहा फुटांत हार्टलीचे जेवढे स्मरण आहे तेवढे मला स्तंभावर दिसत नाही. कलमात एकाही मृताचे नाव नाही, पण ते का मेले हे त्यात नेमके लिहिले आहे. आणि ते कलम देशांतर करून आले. आपल्या कोळसा खाणींच्या नियमांतही बाहेर पडायच्या दोन वाटांची सक्ती आहे. चंद्रपूर-बल्लारपूरच्या भूमिगत खाणीत पाळीवर उतरणारा कामगार अर्सडनचे नाव ऐकून नसेल, पण त्याच्या नकाशावरची दुसरी वाट त्याच घराण्यातली आहे.

या ठिकाणी मदतनिधीबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण स्मरणाचा पैशाशी जो संबंध असतो तो इथे उघडा पडतो. हार्टलीत शंभरावर बायका विधवा झाल्या. कायद्याने त्यांना जवळजवळ काही मिळत नव्हते. अपघाती मृत्यूची भरपाई मागण्याचा 1846 चा कायदा होता, पण 1837 च्या एका खटल्यापासून इंग्लंडच्या न्यायालयांनी एक तत्त्व घट्ट धरले होते. सहकाऱ्याच्या चुकीने कामगाराला इजा झाली तर मालक जबाबदार नाही, कारण तो धोका त्याने नोकरी धरतानाच पत्करलेला असतो. मॅनेजरही सहकारीच ठरे. राहता राहिली दया, आणि हार्टलीवर दया भरभरून बरसली, गरजेपेक्षा जास्त. पण त्याच वर्षांत ब्रिटनच्या कोळसा खाणींत साल दरसाल सुमारे हजार माणसे मरत होती. त्यांतली बहुतेक एकेकटी किंवा दोघे-दोघे. छताचा दगड निसटला, कोळशाच्या गाड्यांत चेंगरला, विहिरीत पडला. त्यांच्यासाठी ना राणीचा संदेश, ना साप्ताहिकातले चित्र, ना निधी. विधवेने घर रिकामे करायचे, कारण घर खाणीचे, आणि पोरगा जरा मोठा असला तर त्याला बापाच्या जागी उतरवायचे. दोनशे चार जणांबरोबर मेले तर देश रडतो आणि एकटे मेले तर शेजारसुद्धा दुसऱ्या दिवशी कामावर जातो, ही विसंगती सर्वांत आधी कामगारांच्याच डोळ्यांवर आली. त्या 1862 सालीच नॉर्थंबरलंड आणि डरहॅमच्या खाणकामगारांचा कायमस्वरूपी मदतनिधी उभा राहिला. कामगाराने आपल्या मजुरीतून ठरावीक वर्गणी द्यायची आणि तो एकटा मेला तरी त्याच्या विधवेला, मुलांना पैसे मिळायचे. हेही हार्टलीचे स्मारकच आहे. त्याला शिखर नाही, लेख नाही. आणि दया दाखवणाऱ्याच्या मर्जीवर ते उभे नव्हते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. कायद्याला स्मारक म्हणायचे तर कायदा फक्त झालेल्या अपघातावर उपाय शोधतो, होणाऱ्या अपघातावर नाही. हार्टलीनंतर जवळजवळ पाच वर्षांनी, 12 डिसेंबर 1866 ला, यॉर्कशरमध्ये बार्न्सलीजवळच्या ओक्स खाणीत वायूचा स्फोट झाला. ओक्सला एकाहून जास्त विहिरी होत्या. दुसऱ्या दिवशी बचावासाठी उतरलेल्या 27 जणांना दुसऱ्या स्फोटाने गिळले. एकूण मृत 361 धरले जात, आणि अलीकडच्या संशोधनाने तो आकडा आणखी वर नेला. कारण त्या दिवशी खाली नेमके कोण उतरले होते याची धड नोंदच नव्हती. इंग्लंडच्या कोळसा खाणींतला हा सर्वांत मोठा अपघात. दुसऱ्या वाटेने इथे कोणाला वाचवले? आक्षेप खरा आहे. जे कारण एका दुर्घटनेने उघडे केले तेवढेच कलम बुजवते. वायू, धूळ, उघडी ज्योत यांची पाळी नंतरच्या कायद्यांत आली, आणि दरवेळी आणखी प्रेतांनंतर. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. एका कारणाची नीट आठवण ठेवली तर एक प्रकारचे मरण टळते, हे हार्टलीने दाखवले. उरलेली कारणेही तितक्याच नेमकेपणाने का आठवली गेली नाहीत, हा खरा प्रश्न. ओक्समध्ये काय आठवले गेले ते पाहा. रस्त्याकाठचे भव्य स्मारक उभे राहिले ते 1913 मध्ये, आणि ते पार्किन जेफकॉक या अभियंत्याचे व त्याच्या बचाव-सोबत्यांचे. पराभूत वीराला खांद्यावर वाहणाऱ्या पंखधारी देवतेचा पुतळा, मूळ फ्रेंच शिल्पाच्या धर्तीवर. जेफकॉक शूर होताच. पण पहिल्या स्फोटात गेलेल्या तीनशेवर माणसांना बार्न्सली शहरात त्यांचे म्हणावे असे शिल्प मिळायला 2017 उजाडले. शौर्याचे स्मारक उभारणे सोपे जाते, कारण शूर माणूस आपण होऊन खाली उतरलेला असतो. पोटासाठी उतरलेल्याचे स्मारक करायचे तर त्याला कोणत्या स्थितीत उतरवले होते, हे सांगावे लागते.

कोणी म्हणेल, थडग्यावरच्या दगडाकडून तुम्ही चौकशी अहवालाचे काम मागता. शोकाची जागा शोकालाच असू द्या. प्रत्येक कबरीने कारणमीमांसा करावी असे माझे म्हणणे नाही. घरच्यांनी घरच्या माणसासाठी बसवलेल्या दगडावर त्यांना हवे ते लिहावे. मात्र सार्वजनिक स्मारक, ज्याला वर्गणी समाजाने दिली आणि जे समाजाने वाचावे म्हणून उभे आहे, ते कारणाबाबत गप्प नसतेच. सिल्कस्टोनचा दगड कारण सांगतो: पाऊस. अर्सडनचा सांगतो: तुळई. गप्प राहण्याचा मान त्यांनी स्वतःच सोडलेला आहे. एकदा कारण सांगायचे ठरले, की ते बरोबर आहे का, हा प्रश्न विचारणे अनादर ठरत नाही.

गेल्या पन्नासेक वर्षांत ही स्मारके हळूहळू बदलत आहेत आणि तो बदल बहुतेक गावकऱ्यांनी स्वतः घडवला आहे. सिल्कस्टोनजवळच्या रानात, अपघाताच्या जागी, 1988 मध्ये नवे स्मारक झाले. त्यात खाणीत रांगणारी मुले कोरली आहेत. म्हणजे दीडशे वर्षांनी का होईना, मुले तिथे काय करत होती याचे उत्तर दगडात आले. न्यू हार्टलीत खाणीच्या बंद केलेल्या तोंडाभोवती 1976 मध्ये स्मृतिउद्यान झाले. अर्सडनला पाहणारा नावांपाशी उभा राहतो, इथे तो विहिरीपाशी उभा राहतो, आणि विहीर एकच आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. अर्सडनचा स्तंभ बदलावा असे कोणी सुचवणार असेल तर मी विरोध करीन. जुना लेख खोडला की त्या काळाने काय पाहायचे टाळले याचा पुरावाही जातो. शेजारी एक साधा फलक पुरे. त्यावर ज्यूरीने आग्रहाने नोंदवलेल्या त्या दोन शिफारशी, त्यांच्याच क्रमाने, आणि एमॉसने शेवटची नोंद केली तो वार आणि वेळ.